रोडकडली खोली कोणाले?

बानं घोळच करून ठेवला. बा म्हन्जे आमचे वडील, रूपसिंग. घराची रोडकडली खोली एकच. मले ती मोटर रिवायंडिंगले, म्हन्जे शेतकऱ्यांच्या जळक्या मोटरीत नवी तार भराले पाह्यजे, अन् माह्या बहिणीले, अंजूले, तिच्या प्रोग्रामिंगले. तिथंच नेट धड पकडते. बा म्हने, "ज्याच्या धंद्यात खर्च जास्त, त्याची खोली. संध्याकाळी सांगा."

मी तं खुशच झालो. तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग! हिले काय खर्च, बसल्या जागी बोटं चालवते.

"तारेचे पैसे तं तू शेतकऱ्याकडूनच घेतं," अंजू म्हने. "अन् जुनी जळकी तार भंगारात कोन इकते, भिया?"

आता हे तिनं कायले काढावं!

"तुहा खर्च सांग नं मंग," मी चिडून म्हटलं.

तिनं बोटावर मोजलं, लॅपटॉप, इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं नेट. अन् अर्धा दिवस काम शोधन्यात. काम शोधा लागते? मले मोठं नवल वाटलं. माह्याकडं तं लोक मोटरसायकलवर मोटर बांधून येते. मी खुर्ची ओढून तिच्या बाजूलेच बसलो. पाहू तं दे, म्हटलं.

तिनं परदेशातल्या कोन्या दुकानदाराचं बिलिंगचं काम केलतं. महिनाभर राबून पाठवून देल्लं.

"पैसे भेटले?"

"नाही. आता जवाबच देऊन नाही राह्यला."

"मंग त्याचं काय अडवून ठेवलं तू?"

"माह्यापाशी त्याचं काहीच नसते, भिया. सारं त्याच्याकडंच गेलं."

अरे बापरे! आमच्यात पैसे भेटल्याबिगर मोटर दुकानाची पायरी उतरत नाही.

"येडे, हाच तं सगळ्यात मोठा खर्च! बाले सांग, खोली तुहीच."

"सांगतलं तं बा म्हनतीन, सोड हे काम. अन् लगेच पोरगा पाहतीन." तिनं लॅपटॉप मिटून टाकला.

संध्याकाळी बानं इचारलं. ती बोलायच्या आत मीच बोललो, "माहा खर्च कमी हाये. खोली अंजूले द्या."

बा पाहतच राह्यले. "अन् तू कुठी बसशीन?"

"अंगनातल्या छपरीत. मोटर बंद पडली का लोक मले शोधतच येते."

"पन हिले येवढा कायचा खर्च?"

अंजूनं मान खाली घातली.

"नेटचा, बा," मी म्हटलं. "लय महाग झालं हो नेट आजकाल."