पासंगाला दात

घरातल्या सगळ्या खोक्यांचं वजन अगदी सारखं होतं, आणि म्हणूनच त्या घरात त्या दिवशी एकही वस्तू सापडत नव्हती.

नवरा धान्याच्या गोदामात मापाडी. बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवायचं होतं, म्हणून बायकोनं आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, स्वयंपाकघराचं एका ठिकाणी भरा, कपडे एका ठिकाणी भरा. पण ऐकेल तो मापाडी कसला! "वजन सारखं असलं की हमालांना उचलायला सोपं जातं," असं म्हणून त्यानं गोदामातला काटा घरी आणला. खोकं जरा हलकं भरलं की हाताला लागेल ती वस्तू पासंग म्हणून वर टाकायची, काटा जागेवर आला की टेप मारायची. तव्याबरोबर पायमोजे गेले, साखरेच्या डब्याशेजारी इस्त्री गेली. आणि सासूबाईंच्या दातांची डबी कुठे गेली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहाटे अंधारातच दात धुऊन खिडकीत ठेवलेली डबी गायब झाली होती. सासूबाई घरात उरलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर, तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. दात नसताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं, सुनेनंही नाही. रात्री दिवा मालवल्यावरच त्या दात काढत.

खरं घोडं पुढेच अडलं होतं. समोरच्या मैदानात खाद्यमहोत्सव भरला होता, आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंबरोबर तिथे एकेक स्टॉल पालथा घालायचं सासूबाईंचं महिनाभरापासून ठरलं होतं. दोघींची मैत्री जुनी. संध्याकाळी ट्रक निघाला की दोघींच्या मध्ये एका अख्ख्या रात्रीचा प्रवास येणार होता, आणि या वयात तो कोण करतंय? आजची भेट चुकली तर ती चुकलीच.

"आई, रुमाल लावूनच जा ना," सून म्हणाली.

"रुमालाआडून खाऊ कशी? आणि तिच्यापुढे बोळकं घेऊन जाऊ? मेले तरी जाणार नाही. तिला सांग, मला बरं नाही."

सुनेनं कात्री घेतली आणि खोकी फोडायला सुरुवात केली. एक फोडलं, त्यात उशा आणि खलबत्ता. दुसरं फोडलं, त्यात पुस्तकं आणि लाटणं. तिसऱ्यात चपला निघाल्या, त्याही एकेकच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, दुसऱ्या पायाच्या कुठे आहेत?"

"दुसऱ्या खोक्यात असतील. इथे जड होत होतं."

"मलाही भरा एखाद्या खोक्यात, म्हणजे तुमचं वजन पुरं होईल!"

"तू एका खोक्यात मावणार नाहीस," नवरा म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

तेवढ्यात ट्रकवाल्याचा फोन आला. महोत्सवामुळे रस्ता बंद होता, ट्रक आता रात्री गर्दी ओसरल्यावर येणार होता. नवऱ्यानं बायकोच्या हातातली कात्री काढून घेतली. "चल, दोन घास खाऊन येऊ. उपाशीपोटी चिडून काही सापडत नाही."

ती गेली, पण पाय आपटत. मैदानात धूर, कढया, रांगा, कागदी बशा, आणि सगळीकडे चावणारी तोंडं. तिला जो तो माणूस दात दाखवण्यासाठीच आल्यासारखा वाटत होता. भाजलेल्या चण्यांच्या गाडीपाशी नवरा थांबला.

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर..."

"पुरे!" ती इतक्या जोरात ओरडली की रांगेतले दोघे मागे सरले.

चणेवाल्यानं तराजू उचलला. पारडं जरा वर राहिलं, तशी त्यानं चिमूटभर चणे आणखी टाकले. काटा जागेवर आला. नवरा पाहतच राहिला, आणि मग त्यानं कपाळावर हात मारला.

"अगं, शेवटचं खोकं! भांड्यांचं! थोडंसंच कमी भरत होतं, आणि खिडकीत ती डबी दिसली..."

"आईचे दात तुम्ही पासंगाला टाकलेत?"

"वजन मात्र बरोबर आलं," तो हळूच म्हणाला.

ती उत्तर द्यायला थांबली नाही. धावत जिने चढली, भांड्यांचं खोकं फोडलं. सगळ्यात वर डबी होती. पण खुर्ची रिकामी होती आणि रुमाल खाली पडला होता. ती डबी मुठीत धरून पुन्हा खाली पळाली.

आइस्क्रीमच्या स्टॉलमागे बाकावर दोघी बसल्या होत्या. सासूबाईंच्या तोंडावर रुमाल नव्हता. शिवणवाल्या बाईंचे दात त्यांच्याच मांडीवर कागदी रुमालात गुंडाळून ठेवले होते. दोन बोळकी एकाच कपातलं आइस्क्रीम खात होती आणि मध्येच खो खो हसत होती.

"वर येऊन ओढून आणलं हिला," शिवणवाल्या बाई सुनेला म्हणाल्या. "लाजत होती बया. म्हटलं, थांब, मीही काढते माझे."

सुनेला आधी रागच आला. सकाळपासून एवढा आटापिटा केला तो कशासाठी? तिनं डबी पुढे धरली. "आई, सापडले."

सासूबाईंनी डबीकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. "ठेव गं तुझ्याकडे. तिकडे लागतीलच रोज. तिकडे कोण आहे माझं, जिच्यापुढे असं बसता येईल?"

शिवणवाल्या बाईंनी चमचा कपात ठेवला.

मागून नवरा चण्यांची पुडी घेऊन धापा टाकत आला. "सापडले का? ट्रकवाल्याचा पुन्हा फोन आलाय, रस्ता लवकर मोकळा होतोय म्हणे. लगेच येऊ का विचारतोय."

तिनं डबी पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"नाही सापडले," ती म्हणाली. "अजून सगळी खोकी फोडायची आहेत. त्याला म्हणावं, उद्या सकाळी ये."