फितूर साक्षीदाराचा वकील

भिमाजी पगारे यांचे वडील नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाल होते. सिमेंटच्या गोण्या वाहून त्यांची छाती कामातून गेली होती. मुलगा काळा कोट घालून कोर्टात जाताना त्यांनी पाहिला आणि त्याच वर्षी ते गेले. भिमाजींनी टायरच्या दुकानात काम करत कायद्याची पदवी घेतली होती. सुरुवातीला जिल्हा न्यायालयात बसायला जागाही नव्हती. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून ते अर्ज लिहायचे.

पुढे त्यांचं नाव झालं ते साक्षीदारांमुळे. वस्तीवर हल्ला झाला, कुणाला मारलं, की खटला उभा राहायचा आणि ऐनवेळी साक्षीदार फिरायचे. भिमाजींचे साक्षीदार फिरत नसत. भिमाजी त्यांच्या घरी जाऊन बसत, त्यांच्यात जेवत, पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कुणाकडे बघायचं नाही ते सांगत. "घाबरायचं नाही, मी तिथंच बसलेला असतो," एवढं त्यांचं शेवटचं वाक्य असे. माणसं त्या वाक्यावर उभी राहत. साठी आली तेव्हा गंगापूर रोडला त्यांचा फ्लॅट होता, मुलगी निकिता त्यांच्याच ऑफिसात वकिली करत होती, आणि कुठल्याही तालुक्यात काही घडलं की आधी त्यांना फोन येत होता.

वाल्मीकला मारल्याचा फोनही असाच आला. सायखेड्याच्या पुढे नदीकाठी एक गाव आहे, तिथला हा पोरगा. गोदावरीतून वाळू उपसणाऱ्या दोघा भावांविरुद्ध त्यानं तहसीलला तक्रार केली होती. त्यांनी त्याला घाटावर गाठून फावड्याच्या दांड्यांनी मारलं. त्याची आई लंकाबाई तिथंच धुणं धूत होती. सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलं. वाल्मीक सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वारला. लंकाबाईनं दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर जबाब दिला, दोघांची नावं घेतली. खटला सरकारी वकिलाकडे होता. लंकाबाईच्या बाजूनं त्यांना मदत करायला भिमाजी उभे राहिले. दुसरा साक्षीदार नव्हता.

साक्षीच्या आदल्या दिवशी लंकाबाई ऑफिसात आली. बरोबर मुलगी होती, हर्षाली, अकरावीत शिकणारी. लंकाबाई बसली नाही. आपण काही पाहिलं नाही असं उद्या कोर्टात सांगणार, हे तिनं उभ्याउभ्याच सांगितलं.

कोण आलं होतं, काय धमकी दिली, असं भिमाजींनी विचारलं. कुणी आलं नव्हतं. कुणी काही बोललंही नव्हतं. फक्त हर्षाली कॉलेजच्या एसटीसाठी थांबायची, तिथं रोज त्या दोघा भावांचा ट्रॅक्टर येऊन उभा राहायचा. ती एसटीत चढली की निघून जायचा.

भिमाजींनी पोलीस संरक्षणाचं काढलं. लंकाबाई म्हणाली, हवालदार येतो, चहा पितो, जातो. मग ते म्हणाले, दोघी माझ्या घरी राहा. किती दिवस, तिनं विचारलं. त्या प्रश्नाचाच त्यांना राग आला.

"आणि वाल्मीकचं काय?" ते जोरात म्हणाले.

लंकाबाईनं मुलीच्या दंडाला धरलं. "वाल्मीक गेला, साहेब. ही हाय."

दुसऱ्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली की आवाज ऐकून मी गेले, तेव्हा तिथं कुणी नव्हतं. सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर केलं आणि उलटतपासणी सुरू केली. तिचाच जबाब वाचून दाखवला. अंगठा तुझा का, शपथ घेतली होती का, पोराशी बेइमानी करतेस का. ती एकेका प्रश्नाला "आठवत नाय" म्हणत गेली.

मग सरकारी वकील मागे वळले. "पगारे साहेब, अजून काही?"

भिमाजींना एक प्रश्न माहीत होता. मार खाताना वाल्मीक आईला म्हणाला होता, "आई, तू घरी जा, बघू नको." हे तिनं जबाबात सांगितलं नव्हतं, फक्त त्यांना सांगितलं होतं, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवताना. तो काय म्हणाला, एवढं विचारलं असतं तर ती तिथल्या तिथं कोसळली असती आणि खरं बोलली असती. लंकाबाई त्यांच्याकडेच बघत होती. भिमाजींनी मान हलवली. काही नाही.

दोघे भाऊ सुटले. निकालातच न्यायाधीशांनी लंकाबाईला नोटीस काढली, खोटी साक्ष दिल्याबद्दल तुमच्यावर खटला का भरू नये.

त्या नोटिशीत भिमाजींनी तिचं वकीलपत्र घेतलं. अशा खटल्यांसाठी ज्यांच्याबरोबर त्यांनी मोर्चे काढले होते, ती माणसं चिडली. फितुराला वाचवलंत तर उद्या कोण टिकेल, असं त्यांनी तोंडावर विचारलं. निकितानंही तेच विचारलं.

"तिला मी उभं केलं होतं," भिमाजी म्हणाले.

त्यांनी युक्तिवाद केला तो कोरडा, कायद्याचा. दोन जबाबांतला खोटा कुठला हे रेकॉर्डवरून ठरत नाही. बाई विधवा आहे, मुलगी अल्पवयीन आहे. ट्रॅक्टरचा त्यांनी उल्लेखही केला नाही, कारण तो केला असता तर कोर्टातली साक्ष भीतीपोटी दिलेली, म्हणजे खोटी ठरली असती. न्यायाधीशांनी नोटीस मागे घेतली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये लंकाबाई पिशवी घेऊन उभी होती. गावातलं घर तिनं बंद केलं होतं. सटाण्याला भावाकडे जाऊन व्यापाऱ्याच्या खळ्यावर मजुरीनं कांदे निवडायला बसणार होती, हर्षालीचं नाव तिथल्या कॉलेजात घातलं होतं. तिनं आभार मानले नाहीत, भिमाजींनाही ते नको होते. जिन्यापाशी जाऊन ती वळली.

"साहेब, आता मी खरं कुणाला सांगितलं तर चालंल का? कोर्टात नाय. भावाला. शेजारणीला."

 खरं सांगायला भिमाजींनी आयुष्यभर माणसांना तयार केलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "आता कुणालाच सांगायचं नाही."

तिनं मान डोलावली, हर्षालीला हाक मारली, आणि दोघी सटाण्याच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाल्या.