बावीस दिवसांची सही

सौमित्रची जिरवायचीच, हे प्रियदर्शनीनं त्याच दिवशी ठरवलं होतं. वारज्याच्या बारा मजली इमारतीचं वेळापत्रक तिच्याकडे आणि तो तिचा वरिष्ठ. तिनं त्याची एक चूक दाखवली, तर हा गृहस्थ भर साइटवर, सगळ्यांदेखत ओरडला, "विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही!" तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण तिनं मूग गिळले.

आता इमारत रखडली, तर खापर कुणावर? हिच्यावर! नकाशे मंजूर करून घ्यायला चार दिवस उशीर झाला ना. तिला कामावरून काढल्याचं पत्र टाइप होऊन मालकांपुढे, हिंदुरावांपुढे, पडलंसुद्धा.

"सर, उशीर कुठे झाला ते तुम्हीच फळ्यावर मांडा," बैठकीत ती गोड आवाजात म्हणाली.

सौमित्रनं ऐटीत कामं लिहिली, आधीच्या कामाकडून नंतरच्याकडे बाण काढले. मग सुरुवातीपासून निघाला आणि दर वेळी समोर दिसेल ते मोठं काम धरत गेला. नकाशे चाळीस दिवस, वायरिंग वीस, रंग पंधरा. "पंचाहत्तर! हीच सगळ्यांत लांब वाट. हिच्यामुळेच अडलं."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्टची ऑर्डर पाच दिवसांचं काम!"

"अहो, पुढचेही बाण मोजा की." तिनं खडू घेतला. ऑर्डर पाच, कारखान्यात बनवायला सत्तर, बसवायला तीस. "एकशे पाच. इमारत कधी संपणार ते ही वाट ठरवते. माझ्या वाटेत तीस दिवस मोकळे होते; त्यातले चार गेले, काय बिघडलं? लिफ्टचा एक दिवस गेला की मात्र सगळ्यांचाच जातो. आणि ऑर्डरचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी बावीस दिवस पडून होता."

सौमित्रचा चेहरा खर्रकन उतरला. काय गार वाटलं म्हणून सांगू तिला!

हिंदुरावांनी चष्मा काढला. "तुम्हाला हे केव्हापासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. रोज मोजत होते."

"मग बोलला का नाहीत? बावीस दिवस, बाई!"

"विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा सरांचा हुकूम होता. आज आपण विचारलंत."

हिंदुरावांनी पत्र पुढे ओढलं. तिचं नाव तसंच ठेवलं, त्याखाली सौमित्रचं लिहिलं आणि सही केली.

प्रियदर्शनीनं पत्र हातात घेतलं. स्वतःचं नाव तिनं वाचलंच नाही. खालचं मात्र दोनदा वाचलं.