तिकडचं हवापाणी

धाकटा मुलगा कोरियात वेल्डर म्हणून गेला, तेव्हापासून मावशींनी कोरियन शिकायला घेतलं होतं. म्हणजे हवापाण्यापुरतंच. "तिकडची माणसं आधी हवेबद्दल बोलतात, मग कामाचं," असं त्यानंच सांगितलं होतं आणि दर रविवारी तो फोनवर एकेक वाक्य शिकवायचा. नियम एकच. आधी खिडकीबाहेर बघायचं, मग उत्तर द्यायचं. तोंडाला येईल ते ठोकून द्यायचं नाही. जुने कपडे दुरुस्त करून देणाऱ्या मावशींना हा नियम भारी आवडला होता. माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, तसंच हे.

त्या रविवारी मशीनवर एका पँटची उंची कमी करता करता त्यांनी फोन कानाला लावला आणि ऐटीत विचारलं, "ओनुल नाल्शी ओत्तेयो?" आज हवा कशी आहे?

"मालगायो," धाकटा म्हणाला. "लख्ख ऊन पडलंय, आई. ढगाचं नाव नाही."

तेवढ्यात गल्लीवर वीज कडाडली. तोच कडकडाट, त्याच क्षणी, फोनमधूनही आला. मावशींना वाटलं, आपलाच आवाज परत येत असेल. मग गारा सुरू झाल्या. मावशींच्या डोक्यावर स्लॅब होता. फोनमध्ये मात्र पत्र्यावर ताडताड वाजत होतं.

मावशींचा पाय मशीनवरून निसटला. पोरगा परदेशात नव्हताच. इथेच होता, याच ढगाखाली, कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये. आणि गेल्या रविवारी तिकडे बर्फ पडतोय म्हणाला होता. त्या बर्फाचं कौतुक मावशींनी गल्लीभर सांगितलं होतं. व्हिडिओ लाव म्हटलं की नेटवर्क नाही म्हणायचा, ते यासाठी होय. कधी आला हा? जेवतो कुठे? आईचं घर इतकं परकं झालं? हातातली कात्री भिंतीवर भिरकावावी असा संताप आला त्यांना. पण शाळेत नापास झाला तेव्हाही वडील ओरडले आणि हा गायब झाला होता. आता ओरडलं तर फोन बंद करील आणि पुन्हा सापडायचा नाही.

"आई? ऐकू येतंय ना?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

मावशींना आपल्या भाषेतलं जे जे सुचत होतं, ते सगळं भांडणाचं होतं. शेवटी मागच्या धड्यातलं एक वाक्य हाती लागलं.

"उसान इस्सोयो?" त्यांनी विचारलं. छत्री आहे का?

फोनमध्ये पत्र्यावर गारा अजून वाजतच होत्या.

"ओप्सोयो," धाकटा म्हणाला. मग आपल्या भाषेत, "नाही गं, आई. कामावरून काढलं मला. तोंड कसं दाखवू?"

मावशींनी दाराआडची छत्री काढली.

"कुठे आहेस ते सांग," त्या म्हणाल्या. "मी येते."