येर म्हणजे पाणी

वडशाच्या बाजारात त्या दिवशी बुधरीचा पाय एका जागी ठरत नव्हता. थोडं पायी, थोडं लाकडाच्या ट्रकवर बसून ती आणि तिचा बाप सुकलू भामरागडहून आले होते, आणि कशासाठी? तर बुधरीला बुधरीच बघायची होती!

गेल्या उन्हाळ्यात मुंबईची सिनेमा कंपनी त्यांच्या नदीकाठी उतरली होती. तहानेनं पडलेल्या सिनेमातल्या बाबूला भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी पाज आणि तुझ्या बोलीत पाणी म्हण, असं तिला सांगितलं होतं. बुधरीनं ओणवं होऊन 'येर' म्हटलं. एवढंच तिचं काम. पण तेव्हापासून गाव तिला सिनेमावाली म्हणत होतं, आणि आपण पडद्यावर कशा दिसतो ते परत जाऊन सगळ्यांना सांगायची तिला कोण घाई झाली होती.

टुरिंग टॉकीजच्या तंबूपुढं हा मोठा बोर्ड. बुधरीनं आधी नदी शोधली, मग तुंबा. तुंबा एका गोऱ्यापान बाईच्या हातात होता.

"हे कोन आहे? माहा तुंबा हिच्या हाती काऊन?"

"हिरोईन आहे ते, बाई." बोर्ड रंगवणारा मुखरू खाली बघत म्हणाला. तोच पेंटर आणि तोच भोंग्यावर ओरडणारा.

"अन् मी कुठी आहो?"

मुखरूनं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं डांबरासारखी काळी एक बाई सुळे काढून उभी होती, ओठांतून लाल ओघळ.

"माहे दात असे आहेत का, भाऊ?"

"मुंबईहून कागद आला, तसा काढला."

तेवढ्यात त्यांचं बोलणं ऐकून तंबूचा मालक लच्छूशेठ पोट सावरत आला. "आली का राणी! वा! बंडीवर बसवून गावभर फिरवू हिले!" मग त्यानं तिला नीट न्याहाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मुखरू, हे तर तेवढी काळी नाई रे! बोर्डावरच्यासारखी कर."

गोऱ्या तोंडाकडं ओढ वाटावी आणि काळ्या तोंडाचं भय, म्हणजे तिकिटं खपतात, हे कुणीतरी मुंबईत गादीवर बसून ठरवलं होतं. देवानं दिलेला रंगसुद्धा या लोकांना पुरेना!

मुखरू काजळीची वाटी घेऊन आला तेव्हा सुकलू दचकला.

"नजर लागू नये म्हणून लावून राह्यलो, बाबा," लच्छूशेठ गोड हसला.

हे मात्र बापलेकीला पटलं. लहान लेकराला काजळाचा टिका लावतातच की. सिनेमावालीला नजर मोठी लागणार, म्हणून टिकाही मोठा! सुकलू हसला आणि बुधरीनं डोळे मिटून तोंड पुढं केलं. आपला मान होतोय, असंच त्या भोळ्या जिवाला वाटलं.

बंडी निघाली. पुढं डफडं कडाडत होतं. मुखरूनं खूण केली की बुधरी मोठ्यानं ओरडायची, "येर!" लागलीच मुखरूचा भोंगा गर्जायचा. डफड्याच्या आवाजात तिला कळेना तो काय म्हणतो. लोक मागं सरत होते, बाया लेकरांना पदराआड घेत होत्या. एकीनं तर चिखलाचा गोळा मारला. मान देतात तो असा?

विहिरीपाशी डफडं थांबलं, तेव्हा तिनं ऐकलं.

"येर म्हंजे रगत! मानसाचा रगत पायजे हिले!"

"रगत?" सुकलू बंडीमागून ओरडला. "येर म्हंजे पानी आहे, बाबू! पानी!"

कोण ऐकतो? बुधरीनं चालत्या बंडीवरून उडी टाकली. तिचा घसा कोरडा पडला होता. विहिरीवरच्या बायांपुढं तिनं ओंजळ धरली. "येर," ती म्हणाली. बाया घागरी टाकून पळाल्या. साध्या पाण्याला ती महाग झाली! डोळ्यांतलं पाणी काजळीतून खाली ओघळू लागलं.

एकच बाई हलली नाही. तिनं भरली बादली उचलली आणि बुधरीच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती मुखरूचीच बायको, रुखमाबाई.

"माहा माहेर आलापल्लीचा आहे, हिच्याच बोलीच्या मुलखातला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "येर म्हंजे पानी. ह्या मानसालेई ठाऊक आहे. सासरवाडीत दहादा येर मांगून पेला हा! काऊन जी, आता काऊन बोलत नाई?"

मुखरूनं भोंगा बंडीत ठेवला.

बुधरी पाणी प्याली, मग तोंड धुतलं. काजळी गेली आणि खाली एक साधी पोरगी निघाली, रडून डोळे सुजलेली. पळालेल्या बाया एकेक करून परत आल्या.

लच्छूशेठ धावत आला. "अव बाई, असं काय करते? फुकट पास देतो ना! पुढच्या खुर्चीवर बस, पाह्य सोताले!"

बुधरीला बघायचं होतं. फार बघायचं होतं. एवढी वाट तिनं त्यासाठीच तुडवली होती. पण तिनं तंबूकडं पाठ केली.

"त्या सिनेमात मी नाई," ती म्हणाली. "मले नाई पाहाचा."

सांजेला तंबूच्या दारापाशी ती गावाहून सोबत आणलेला आपला तुंबा घेऊन उभी राहिली. बादली रुखमाबाईनं भरून दिली होती. रांगेतल्या दर माणसापुढं बुधरी तुंबा धरायची आणि म्हणायची, "येर." काहींनी हात मागं घेतले. काही हसले. बऱ्याच जणांनी ओंजळ पुढं केली.

खेळ सुरू झाला. बापलेक बाहेर उभे होते. कनातीआडून एकाएकी बुधरीचाच आवाज आला, "येर!" तंबूभर किंकाळ्या उठल्या. बुधरीनं बापाचा हात घट्ट धरला. मग आतून दोनचार आवाज आले, "अरे, पानी! पानी म्हनून राह्यली ते!"

ती रडता रडता हसली आणि दोघांनी गावाची वाट धरली.

तंबू आता पुढच्या गावाला गेला आहे. मुखरू सोबत नाही. दुसरा कुणीतरी भोंग्यावर ओरडतो. सुळे तेच, लाल ओघळ तोच. वाचकहो, तो बोर्ड उद्या तुमच्याही गावी लागेल. तिकिटासाठी हात पुढं कराल, तेव्हा त्या गोऱ्या बाईच्या हातातला तुंबा कुणाचा आहे, एवढं तरी विचाराल ना?