सतरा नंबरचं शेवाळ

ताईला जाऊन सात महिने झाले, तरी दर तिसऱ्या दिवशी तिला खायला घालायला मीच जाते. दचकू नका, मी प्रयोगशाळेत काम करते. ऑपरेशनच्या वेळी ताईच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आला, त्यातल्या पेशी मी वाढवल्या आणि त्या काही मरायचं नाव घेईनात. अंगाएवढ्या उबेच्या कपाटात, चपट्या बाटलीत, गुलाबी पोषणद्रवावर मस्त पोसल्यात मेल्या. ताईला खाल्लं ते यांनीच, आणि ताईचं जिवंत असं उरलंय तेही एवढंच. आता यांना शिव्या घालू की कुरवाळू?

पेशी वापरायच्या संमतीच्या कागदावर सही ताईनेच केली होती. "मेल्यावर तरी मला कामाला लाव," म्हणाली, "आणि यांचा मुडदा पाडेल असं काहीतरी शोध. नाहीतर मानगुटीवर बसेन तुझ्या."

ताई बोलेल ते करणारी. बसली. पेशींच्या खोलीत मी एकटी असले की ती मागे येऊन उभी राहते. पंख्याच्या घरघरीतही तिचा श्वास मला वेगळा ओळखू येतो.

आमच्या मॅडम शेवाळातून कॅन्सरवर काही मिळतंय का ते शोधतात. पाण्यातलं बुळबुळीत नव्हे, दगडाभिंतींवर मखमलीसारखं उगवतं ते. त्या एवढ्याशा जिवाला काटे नाहीत की साल नाही, म्हणून किडीबुरशीपासून वाचायला ते नाना रसायनं बनवतं. त्यातलं एखादं गाठीच्या पेशी मारेल आणि निरोगी पेशींना हात लावणार नाही, अशी मॅडमना आशा. शेवाळं आणून देतात ते काका, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर. रस्त्याने चालताना माणसांकडे बघायचं सोडून भिंतींकडे बघतात. एकदा कुणाच्या तरी बाथरूममागची भिंत खरवडताना मार खाता खाता वाचले.

त्यांच्या सतरा नंबरच्या शेवाळाच्या अर्काने कॅन्सरच्या इतर पेशींवर कमाल केली. मॅडम म्हणाल्या, "आता तुझ्या ताईच्या पेशींवर घाल."

ताटलीच्या खळग्यांत मी ताईच्या पेशी पेरल्या, पिपेट भरली, आणि हात पुढे जाईना. बाटलीत बाकीच्या पेशी शिल्लक राहणारच होत्या, ते काय मला कळत नव्हतं? पण मागे श्वास चालू होता आणि मी आपल्या हाताने तिच्यावर विष घालायचं? अर्क ज्यात विरघळवतो तो नुसता द्रव मी सगळीकडे सोडला. तो तुलनेपुरता असतो, त्याने कुणाचं काही वाकडं होत नाही. तीनदा प्रयोग केला, तीनदा हीच लबाडी. वहीत लिहिलं, परिणाम नाही.

"खऱ्या पेशंटच्या पेशींवर चालत नसेल तर काय चाटायचंय?" असं म्हणून मॅडमनी सतरा नंबर बाद केला.

त्यानंतर श्वास जवळ आला, अगदी मानेवर. मग तो घरीही यायला लागला. भाजी चिरताना, केस पुसताना. मला भीती वाटायला लागली, माझ्या सख्ख्या बहिणीची. लाज वाटते सांगायला.

परवा काका आले. मॅडमकडून कळल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन बसले.

"काहीच नाही निघालं?"

"नाही, काका."

"वाळवताना माझंच काहीतरी चुकलं असणार. पाकिटात ओल राहिली असेल." त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "ते जिच्यावर मिळालं ती भिंतही पाडली गं आता. दुसरीकडे पुष्कळ हिंडलो, दिसलं नाही."

म्हातारा स्वतःला बोल लावत होता आणि मी गप्प ऐकत होते. मानेवर असा गार श्वास आला की मी ताडकन उठले.

"तुमचं काही चुकलं नाही. चोर मी आहे," म्हणाले, आणि त्यांना घेऊन तशीच मॅडमच्या खोलीत शिरले. सगळं ओकून टाकलं.

मॅडमनी माझी वही पुढे ओढून उघडली. मग म्हणाल्या, "तुला काय करायचं ते नंतर बघू. अर्क किती उरलाय?"

"एका ताटलीपुरता."

"चल. मी शेजारी बसते."

या वेळी हात थांबला नाही.

आज तिसरा दिवस. सूक्ष्मदर्शकाखाली आधी तोच अर्क घातलेल्या निरोगी पेशी पाहिल्या, तळाला घट्ट चिकटून होत्या. मग ताईच्या. आक्रसून, तळ सोडून, चुरा होऊन तरंगत होत्या. मॅडमनी पाहिलं, पुन्हा पाहिलं. "हुरळून जाऊ नकोस," त्या म्हणाल्या, "ताटलीत मेल्या म्हणजे औषध झालं नाही. अजून कितीतरी वर्षं आहेत." पण आवाज त्यांचाच कापत होता.

"ताई, मेल्या गं!" मी ओरडले.

खोलीत नुसता पंखा ऐकू आला. मानेवर काही नव्हतं. महिनाभर हेच तर मागत होते मी, की एकदाची जा बाई. आणि आता मीच मागे वळले.

"अगं, थांब ना," मी म्हणाले. "एवढ्यात कुठे निघालीस?"