खिडकी बुजलेला ‘ध’

“टोकं नको काढूस रे छोट्या, टोकं टोचतात. गोल काढ. चेंडूसारखं.”

फार वर्षांपूर्वी एक ताई धाकट्या भावाचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेत होती, तेव्हाचा हा आवाज. मित्रांनो, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी तो माझ्या कानात आहे, कारण मी त्या आवाजातूनच घडलो.

मी एक जुना फॉन्ट आहे. म्हणजे छापायच्या अक्षरांचं एक घराणं. माझी सगळी अक्षरं जाडजूड, गुबगुबीत. कुणाला टोक नाही, कुणाला काटा नाही. छोट्या मोठा झाला, अक्षरं रेखाटायचं काम करू लागला. मग ते काम सुटलं आणि तो घरी बसला. हसायचंच विसरला. एके दिवशी ताईचे ते शब्द आठवले आणि त्याने मला काढायला घेतलं. ओल्या मातीची कड अंगठ्याने मऊ करावी, तसं तो एकेका रेघेचं टोक गोल करत असे.

मी पुरा झालो तेव्हा त्याने नमुन्याचा कागद सर्वांत आधी ताईला दाखवला. ती एकेक अक्षर वाचत गेली. ‘ध’पाशी थांबली. त्यावर अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग भावाकडे पाहिलं. तो लहानपणीसारखा तोंडभर हसत होता.

“छान झालंय रे,” ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

तो अंगठा मी विसरलो नाही.

पुढे माझे लाड झाले. मी खेळण्यांच्या खोक्यांवर बसलो, बाळाच्या साबणावर बसलो. दवाखान्यात मुलांच्या खोलीच्या दारावरही मीच होतो. रडत आलेलं मूल मला बघून हुंदका गिळायचं. दुधाच्या पिशवीवरही मी होतो. तिथे मला पहिल्यांदा कळलं. ‘ध’च्या डोक्यावरची रेघ एका जागी तुटलेली असते, तिथे इवलीशी खिडकी असते. ‘घ’ला ती नसते. मला जाड करता करता ती खिडकी बुजली होती. पण दूध ते दूधच. ‘दूघ’ कुणी वाचलं नाही. मी निर्धास्त झालो.

मग एका पाटीवाल्याने मला खाणीवर नेलं.

ताईच्या वस्तीमागे दगडाची जुनी खाण होती. काम बंद पडलं आणि तिच्यात पाणी साचलं. काळं, गार, सुरकुतीही न पडणारं पाणी. दगड टाकला की एकदाच ‘डुबुक’ व्हायचं, आणि मग काहीच नाही. कुंपणावर पाटी लावायची होती. पाटीवाला म्हणाला, “हेच अक्षर घेऊ. किती गोड दिसतंय!” लांबून दिसावं म्हणून त्याने माझा सर्वांत जाड अवतार निवडला. पाटीवर दोनच शब्द होते, ‘पुढे धोका’.

मुलं आली. वाचू लागली.

“पुढे घोका! अगं, इथे पण घोकायचं?”

“बाई इथेसुद्धा सोडत नाहीत आपल्याला!”

हसता हसता ती कुंपणाखालून आत गेली. परीक्षा जवळ आली तशी पुस्तकं घेऊन येऊ लागली. जागा शांत, आणि पाटीच सांगते, घोका! काठावर पाय सोडून ती पाढे म्हणायची. खाली पाणी गप्प. वर मी गोड. मला तोंड आहे, मित्रांनो, पण आवाज नाही. रोज काठाचा एखादा खडा निसटायचा. डुबुक. मुलं टाळ्या वाजवायची.

म्हणून सांगतो, आम्हा अक्षरांचं नुसतं कौतुक करू नका. आमच्यावरून बोट फिरवा, नीट वाचा. कुठे खिडकी बुजली असेल तर काढणाऱ्याला तोंडावर सांगा.

एके दिवशी ताईची नात एकटीच आली. पाढे म्हणता म्हणता तिचा आवाज मध्येच तुटला. मला तिथून काठाखालचं दिसत नव्हतं. फक्त पाणी दिसत होतं, आणि त्यावर एक छोटी चप्पल हळूहळू गोल फिरत होती.

ऊन उतरलं तेव्हा ताई हाका मारत आली, मागून छोट्या. काठाच्या खाली, हातभर रुंद कपारीत पोर गुडघे पोटाशी धरून बसली होती. छोट्याने पालथं पडून तिला वर ओढलं.

“मेले, इथे कशाला आलीस गं?” ताईने तिला आधी धपाटा घातला, मग उराशी धरलं.

“आजी, पाटीवर लिहिलंय ना. पुढे घोका.”

छोट्याने वर माझ्याकडे पाहिलं. “ताई,” तो म्हणाला, “हा तर ‘घ’ दिसतोय.”

चप्पल अजून फिरत होती. ताईने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि भावाकडे न बघताच म्हणाली, “मला पहिल्याच दिवशी दिसला होता रे, छोट्या. पण किती दिवसांनी हसत होतास तू.”